मोजून पाहणारा योगी : स्वामी कुवलयानंद

दरवर्षी स्नेहसंमेलन जवळ आले, की आमच्या शाळेच्या पटांगणावर लेझीम, मनोरे, कोलांट्या आणि उड्या यांची तयारी सुरू होते. आणि दरवर्षी एखाद्या मुलाचा घोटा मुरगळतोच. आंबेहळदीचा लेप लागतो, पट्टी बांधली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई शाळेत येऊन काळजीच्या स्वरात विचारते, की या उड्यांनी पोराचे पाय बळकट होतात की अधू होतात? व्यायामशिक्षक सांगतात, बळकट होतात. घरची आजी सांगते, अधू होतात. दोघांच्याही बोलण्यामागे आयुष्याचा अनुभव असतो. पण दोघांपैकी कोणी कधी मोजून पाहिलेले नसते.

व्यायामाने शरीराचे खरोखर काय होते, हा प्रश्न नुसत्या श्रद्धेवर न सोडता आणि नुसत्या शंकेवरही न सोडता, मोजून सोडवू पाहणारा एक मराठी शिक्षक सुमारे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखते. त्यांचे चरित्र आमच्या उधन्याच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. उधन्याहून उत्तरेकडे गेले की बडोदे लागते. त्या बडोद्याच्या परिसरात त्यांचा जन्म झाला व शिक्षणही झाले. उधन्याहूनच पूर्वेकडे फुटणारा लोहमार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे असे करीत अमळनेरला पोहोचतो. त्या अमळनेरास त्यांनी शिक्षकाचे काम केले. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे याच रुळांच्या काठी आहेत. म्हणजे हे चरित्र दूरच्या कोणा सिद्धपुरुषाचे नसून आपल्या वाटेवरच्या माणसाचे आहे.

दिनांक ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे जगन्नाथाचा जन्म झाला. डभोई हे तेव्हा बडोदे संस्थानातील गाव होते. तेथील हिरा भागोळ नावाची कोरीव वेस आजही प्रवासी पाहावयास जातात. गुणे कुटुंब मराठी होते आणि घरची स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी लागणारा पैसा आपल्या बुद्धीने मिळवावयाचा, हे त्या काळच्या कित्येक गरीब मुलांप्रमाणे जगन्नाथालाही लहानपणीच समजून चुकले होते. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि संस्कृत विषयातील नैपुण्याबद्दल दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकाविली. त्या काळी हा मान मोठा समजला जाई. त्या शिष्यवृत्तीच्या बळावर त्याने बडोदे महाविद्यालयात प्रवेश केला.

ते दिवस मोठे भारलेले होते. बडोदे महाविद्यालयात अरविंद घोष प्राध्यापक होते. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांची वाणी घुमत होती. बंगालच्या फाळणीमुळे सारा देश खवळून उठला होता. तरुण जगन्नाथाच्या मनावर या साऱ्यांचा परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून समाजाची सेवा करावयाची, असा निश्चय त्याने याच वयात केला, आणि पुढे तो अक्षरशः पाळला.

परंतु देशसेवेला नुसती तळमळ पुरत नाही. तिला बळकट शरीर लागते. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिर या नावाचा प्रख्यात आखाडा होता, आणि जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव तो चालवीत होते. १९०७ ते १९१० या तीन वर्षांत जगन्नाथाने माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. आखाड्यातील शिक्षण म्हणजे काय, हे आजच्या मुलांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. जोर काढताना सारा भार तळहात आणि चवडे यांवर येतो. बैठक मारताना टाचा उचलल्या जातात आणि पोटऱ्या भरून येतात. लाठीच्या पवित्र्यात पाऊल क्षणभरही जड पडून चालत नाही. मल्लखांबावर अढी घालावयाची तर मांडीपासून अंगठ्यापर्यंतचा सारा पाय जागा असावा लागतो, आणि खांबावरून उडी टाकली की देहाचा सगळा झोक घोट्यांनीच झेलावयाचा असतो. पायात जोडा नाही, पायाखाली माती, आणि समोर वस्ताद! अशा आखाड्यात शरीर घडते, हे जगन्नाथाने पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या अंगावर अनुभवून जाणले.

१९१० साली ते पदवीधर झाले. पदवीधरास त्या काळी सरकारी नोकरीचे दार सहज उघडे असे. गुणे त्या दारी गेले नाहीत. त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग पत्करला आणि ते खानदेशात अमळनेरास आले. तेथील खानदेश शिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांनी हातभार लावला, आणि १९१६ नंतरच्या वर्षांत तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे ज्या गावी साने गुरुजी शिक्षक झाले, तेच हे अमळनेर. खानदेशातील खेड्यापाड्यांचे दारिद्र्य, अज्ञान आणि भोळ्या समजुती गुण्यांनी येथे जवळून पाहिल्या, आणि शिक्षणावाचून तरणोपाय नाही अशी त्यांची खात्री झाली. पण राष्ट्रीय वृत्तीचे शिक्षण परकीय सरकारास कसे मानवणार? ते महाविद्यालय सरकारी रोषास बळी पडून बंद झाले. एखाद्या शिक्षकाच्या हातून त्याची शाळाच काढून घेतली, तर त्याच्यापाशी काय उरते? गुण्यांपाशी शिकविण्याची हौस उरली आणि शिकण्याची त्याहून मोठी हौस उरली.

याच सुमारास, १९१९ साली, त्यांच्या आयुष्यास नवे वळण लागले. बडोद्याच्या बाजूस नर्मदेच्या काठी मालसर नावाचे क्षेत्र आहे. तेथे परमहंस माधवदासजी नावाचे एक वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. त्यांनी शंभरी ओलांडली आहे, असे लोक मानीत. गुण्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले आणि योगाच्या गहन क्रिया त्यांच्यापाशी शिकून घेतल्या. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. सहवास जेमतेम दोन वर्षांचा. पण त्याने शिष्याचे पुढील सारे आयुष्य ठरविले.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गुरूवर अशी निष्ठा जडल्यावर सामान्य शिष्य काय करतो? तो गुरूचे शब्द जपतो, त्यांचा महिमा गातो आणि शंकेखोरांशी भांडतो. गुण्यांनी निराळेच केले. गुरूने शिकविलेली क्रिया घेऊन ते १९२०–२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात गेले आणि तेथील क्ष-किरणयंत्रापुढे त्यांनी आपले विद्यार्थी उभे केले!

ती क्रिया होती उड्डियान आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्णपणे बाहेर टाकून पोट आत व वर ओढून घेतात. नौलीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू बाजूच्या स्नायूंपासून वेगळे काढून नळासारखे पुढे आणतात. ही क्रिया चालू असता साधक पाण्यात बसला, तर पाणी मोठ्या आतड्यात आपोआप वर चढते, हे योग्यांस शेकडो वर्षे ठाऊक होते. मात्र असे का घडते, याचा उलगडा झाला नव्हता. कोणी त्यास सिद्धी म्हणत, कोणी थाप म्हणत. गुण्यांनी क्ष-किरणांनी आतड्याची चित्रे घेतली, आणि पुढे पाऱ्याच्या नळीचे उपकरण जोडून आतील दाब मोजला. तेव्हा असे दिसून आले, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि विहिरीवरच्या पंपात चढावे तसे पाणी आत ओढले जाते. यात चमत्कारही नव्हता आणि थापही नव्हती. ते स्नायूंचे शिकविलेले काम होते. या आतील अल्प दाबास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुभक्तीचे याहून सुंदर स्मारक आम्हांस तरी ठाऊक नाही.

हे करणारा गृहस्थ वैद्य नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता. तो संस्कृतचा विद्यार्थी आणि आखाड्यात घडलेला शिक्षक होता. जे ठाऊक नव्हते ते त्याने डॉक्टरांकडून शिकून घेतले. आणि त्याने पत्करलेला धोकाही लहान नव्हता. मोजमाप खोटे बोलत नाही. ज्या विद्येवर आयुष्य ओवाळून टाकावयाचे, तीच तपासणीत फोल ठरली असती तर? तरीही तपासणी करावयाची, हा त्यांचा बाणा होता.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. आता ते स्वामी कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे निळे कमळ. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात ढग दारातून आत यावेत अशा त्या ठिकाणी एका बाजूस ध्यान-धारणा आणि दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा, असे दृश्य तोवर भारतात कोणी पाहिले नव्हते. शीर्षासन, सर्वांगासन इत्यादी आसने करताना रक्तदाब किती चढतो, हे त्यांनी यंत्राने मोजून प्रसिद्ध केले. १९३१ मध्ये आसने आणि प्राणायाम या विषयांवरील त्यांचे ग्रंथ बाहेर पडले.

त्यांच्या सचोटीचे एक उदाहरण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. प्राणायामाची सारी महती त्यात मिळणाऱ्या अधिकच्या प्राणवायूत आहे, अशी समजूत त्या काळच्या सुशिक्षित लोकांत पसरली होती, आणि आजही ती ऐकू येते. योगाचा कैवारी असलेल्या कुवलयानंदांना ही समजूत सोयीचीच होती. तिला विज्ञानाचा मुलामा होता. परंतु त्यांनी श्वासातील वायूंची मोजमापे केली, आणि त्यांवरून ही समजूत त्यांना मान्य करता येईना. तेव्हा त्यांनी ती मान्य नसल्याचे मोकळेपणी लिहिले. प्राणायामाचे महत्त्व दुसऱ्या ठिकाणी, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले पाहिजे, असे त्यांचे मत झाले. आपल्या आवडत्या गोष्टीची खोटी स्तुतीही आपण खोडून काढली पाहिजे, हा धडा विद्यार्थ्यांनी येथून घ्यावा.

त्यांची कीर्ती लवकरच दूरवर पसरली. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या रक्तदाबाच्या विकारासंबंधी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन हे लोणावळ्यास येऊन त्यांच्यापाशी योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईस १९३२ पासून कैवल्यधामाची शाखा चालू झाली. पण स्वामीजी मोठ्यांच्या मेळ्यात रमले नाहीत. त्यांचे मन शाळेच्या पटांगणाकडे ओढ घेत असे.

योग म्हणजे गुहेतील एकट्याची साधना, ही कल्पना त्यांनी बदलली. शाळेतील पन्नास-साठ मुले एकाच वेळी, एकाच आज्ञेवर करू शकतील असा आसनांचा क्रम त्यांनी बसविला. यौगिक संघ व्यायाम या नावाचे त्यांचे पुस्तक १९३६ साली निघाले. माणिकरावांच्या आखाड्यातील सामुदायिक शिस्त आणि माधवदासजींची योगविद्या या दोहोंचा संगम त्यात झाला आहे, असे आम्हांस वाटते. पुढे त्या काळच्या मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीत आणि मंडळात त्यांनी महत्त्वाचे काम केले. सुरत जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतातच होता. त्यामुळे शाळांच्या व्यायामाविषयी तेथे जो विचार होत असे, त्याचा संबंध आमच्या या भागातील मुलांशीही येत होता.

१९५० नंतर लोणावळ्यास योगाचे शिक्षण देणारे महाविद्यालय निघाले, आणि पुढे योगोपचारांचे रुग्णालयही उभे राहिले. वयाची ऐंशी वर्षे उलटली तरी त्यांचे काम थांबले नव्हते. दिनांक १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांनी लावलेले झाड मात्र उभे आहे. कैवल्यधामाची शताब्दी २०२४ साली झाली, आणि योगमीमांसेची परंपराही चालू आहे.

चरित्र येथे संपते. पण चरित्राचा उपयोग येथेच सुरू होतो. आरंभी आम्ही मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट सांगितली. तो प्रश्न कुवलयानंदांपुढे गेला असता, तर त्यांनी तो कसा हाताळला असता? आम्ही आमच्या अल्पमतीने त्याचा विचार करून पाहिला.

प्रथम त्यांनी शरीराची रचना समजून घेतली असती. नडगीची दोन हाडे आणि पावलाचे वरचे हाड मिळून घोट्याचा सांधा होतो. पोटरीचे स्नायू टाचेमागच्या जाड शिरेच्या द्वारे टाच वर उचलतात. उडी मारण्याचे बळ त्यांचेच. नडगीच्या पुढील स्नायू पाऊल वर ओढतात. नडगीच्या बाहेरील अंगाचे स्नायू पाऊल आतल्या बाजूस कलंडू देत नाहीत. घोटा बहुधा पाऊल असे आत कलंडल्यानेच मुरगळतो आणि बाहेरील बाजूचे बंध ताणले जातात. तेव्हा नुसती पोटरी फुगली म्हणून घोटा सुरक्षित झाला, असे होत नाही. एका पायावर तोल सांभाळण्याच्या अभ्यासाने घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव कमी होतो, हे आता प्रयोगांनी चांगले सिद्ध झाले आहे. आपल्या हठयोगातील उत्कटासनात टाचा उचलून चवड्यांवर बसतात आणि वृक्षासनात एका पायावर उभे राहतात; घोट्याला काम देण्याची ही युक्ती किती जुनी आहे पाहा!

दुसऱ्या बाजूने आजीची भीतीही अगदीच खोटी नाही. उंचावरून उडी टाकली की जमिनीवर पाय टेकण्याच्या क्षणी अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते, आणि तिच्याच ठायी हाड वाढते. तिच्यावर विश्रांतीवाचून रोज आघात होत राहिले, तर टाच दुखू लागते. म्हणून उडी हळूहळू वाढवावी, गुडघे वाकवून मऊ गादीवर उतरावे, आणि दुखू लागले की थांबावे.

यानंतर त्यांनी मोजले असते. आणि ही मोजणी आमच्या शाळेतही होऊ शकेल. भिंतीला बोट टेकून एका पायावर उभे राहावे, गुडघा सरळ ठेवावा आणि ठरावीक तालावर टाच पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा उचलता येते ते मोजावे. उजव्या-डाव्या पायाचे आकडे निराळे लिहावेत. बारा आठवडे एका गटाने कसरतीचा सराव करावा, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या गटाने नेहमीचे खेळ खेळावेत. मग पुन्हा मोजावे. दुसरा गट कशासाठी? कारण वाढत्या मुलाचे बळ तसेही वाढत असते. ती वाढ कसरतीच्या खात्यावर जमा होता कामा नये. मुलांनी आपापल्या आवडीने गट निवडू नयेत, चिठ्ठ्या टाकाव्यात. नाही तर मुळातच ज्यांचे पाय बळकट तीच मुले कसरतीकडे जातील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाय दुखावल्यामुळे ज्याने मध्येच सराव सोडला त्याचे नाव वहीतून खोडू नये. तसे केले, तर शेवटी फक्त बळकट मुलेच उरतील आणि कसरत सर्वांनाच मानवते असा खोटा निष्कर्ष निघेल. दुखावलेल्या मुलाची नोंद ठेवणे, हीच त्या वहीची खरी किंमत होय.

असे केले म्हणजे त्या काळजीत पडलेल्या आईला आपण काही खरे सांगू शकू. कोणता व्यायाम, कोणत्या वयात, किती प्रमाणात हितकर, हे सांगू शकू. आणि कोठे थांबावे हेही सांगू शकू. व्यायामावर प्रेम करणाऱ्या शिक्षकाचे ते कर्तव्यच आहे.

स्वामी कुवलयानंदांनी आपल्याला आसने शिकविली, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी शिकविली. परंपरेने दिलेले धन नाकारू नये आणि न मोजता तिजोरीतही टाकू नये. पुढल्या सुटीत उधन्याहून गाडीत बसून खानदेशात आपल्या गावी जाताना अमळनेर स्थानक आले, की आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर या शिक्षकाची आठवण करावी. आणि सुटीनंतर परत येताना एक कोरी वही घेऊन यावे. पटांगण आपले आहे, पाय आपले आहेत, आणि प्रश्नही आपलाच आहे.